फरशी बसवण्याआधी गच्चीत दोनदा पाणी भरून पाहा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या घरविषयक पुरवणीतून गच्ची कशी सजवावी यावर वरचेवर लेख येतात आणि मी ते आवडीने वाचते. कोणती फरशी ऊन सोसते, कठडा काचेचा असावा की लोखंडी, कुंड्या कुठे ठेवाव्यात, असे बरेच काही त्यांत असते. मात्र ज्या गच्चीच्या खाली कोणाची तरी राहती खोली आहे, तिच्या फरशीखाली काय असले पाहिजे हा विषय निघाला, तर ‘वॉटरप्रूफिंग चांगल्या माणसाकडून करून घ्यावे’ एवढ्या एका वाक्यात तो आटोपतो. वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाची झळ आमच्या घराने चार वर्षे सोसली आहे. चांगल्या माणसाने चांगला माल वापरून केलेले वॉटरप्रूफिंगसुद्धा वाया जाते, कारण त्याच्या मागून येणारे कारागीर ते नकळत फोडतात आणि फरशी बसेपर्यंत ते पुन्हा कोणी तपासून पाहत नाही. त्याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेते.

आमच्या वरच्या मजल्यावरील खोलीतून सरकत्या दाराने बाहेर पडले की उघडी गच्ची आहे आणि तिच्या बरोबर खाली माझ्या आईची झोपायची खोली आहे. बांधकाम झाल्यानंतरचा पहिला पावसाळा कोरडा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात आईच्या खोलीतल्या पंख्याच्या हुकाभोवती बशीएवढा पिवळसर डाग उमटला आणि महिन्याभरात तो ताटाएवढा झाला. त्यावर आम्ही जे केले ते बहुतेक घरांत होते तेच होते. आधी छताचे पोपडे खरवडून ओलरोधक रंग दिला, मग गच्चीतल्या फरशीचे सांधे उकरून नवे ग्राउट भरले, आणि तेही पुरेना तेव्हा सगळ्या फरशीवर पारदर्शक द्रव्याचे दोन हात फिरवले. प्रत्येक उपायानंतर काही महिने डाग वाढत नसे, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतो न टाकतो तोच ठिबक पुन्हा सुरू होई.

शेवटी फरशी उखडायची ठरली. त्या दिवशी मी स्वतः तिथे उभी होते. पाऊस थांबून तीन आठवडे झाले होते, आकाश निरभ्र होते आणि फरशीचा वरचा भाग हात ठेववणार नाही इतका तापलेला होता. पहिली फरशी निघाली तेव्हा तिच्याखालचा मसाला मुठीत दाबला तर बोटांचे ठसे धरून राहील इतका ओला होता. मसाला काढून टाकल्यावर खालचा काळा बिटुमेनचा, म्हणजे डांबरासारखा, जलरोधक थर दिसला. तो मधल्या सगळ्या भागात शाबूत होता. सांध्यांचा एकमेकांवरचा चढाव व्यवस्थित होता आणि कोपरेही नीट चिकटलेले होते. मग दाराजवळचा पट्टा उघडला. सरकत्या दाराचा खालचा ट्रॅक बसवताना चार स्क्रू थेट उंबऱ्यातून, म्हणजे उंबऱ्यावर चढवलेल्या त्या जलरोधक थरातून, आरपार ठोकलेले होते. प्रत्येक स्क्रूभोवती गंजाचे तांबूस कडे तयार झाले होते. तिथून स्लॅबमध्ये शिरलेले पाणी विजेच्या तारांच्या पाइपाला धरून सुमारे अडीच मीटर चालत गेले होते आणि पंख्याच्या हुकाशी बाहेर पडले होते.

यात कोणी कामचुकारपणा केला, असे मला आजही म्हणवत नाही. वॉटरप्रूफिंग करणाऱ्याने थर घातल्यावर ४८ तास पाणी भरून ठेवून दाखवले होते आणि खाली एक थेंब आला नव्हता. दारे बसवणारा त्यानंतर महिन्याने आला. उंबऱ्यात काय दडले आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि दार पक्के बसवणे हे त्याचे काम त्याने चोख केले. त्यानंतर फरशीवाला आला आणि त्याने सगळे झाकून टाकले. हमीपत्र काढून पाहिले तर त्यात, दुसऱ्या कारागिराच्या कामामुळे थराला इजा झाल्यास हमी लागू नाही, असे स्पष्ट लिहिलेले होते. वॉटरप्रूफिंगवाला, दारवाला, कठड्याचा वेल्डर, प्लंबर आणि फरशीवाला असे पाच जण एकाच गच्चीवर पाच वेगवेगळ्या दिवशी राबतात. त्या पाचांच्या कामांच्या मधल्या फटीतून गळती आत येते. पदार्थ कोणता वापरला यापेक्षा कामाचा क्रम काय होता, हे आधी विचारले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे ते यामुळे.

इमारतीच्या सर्वांत वरच्या सपाट छपराला लागू पडणारे नियम अशा गच्चीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. माथ्यावरच्या छपरावर सहसा कोणी फिरत नाही. इथे मात्र माणसे रोज वावरतात, खुर्च्या ओढल्या जातात, कुंड्या सरकतात, कठड्याला टेकून उभे राहिले जाते आणि मुख्य म्हणजे आतल्या खोलीचे दार इथे उघडते. भिंत पाणी अडवण्यासाठी कितीही उंच घेता येते. दाराला ती सोय नसते. त्यामुळे गच्चीचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे उंबरा, आणि तो सांभाळायची वेळ वॉटरप्रूफिंगच्या दिवशी येत नाही, स्लॅबची पातळी कागदावर ठरते त्या दिवशी येते.

याचा हिशेब साधा आहे. दारापासून निचऱ्यापर्यंत तीन मीटर अंतर आहे असे धरू. पाणी नीट वाहून जायचे तर ५० ला १ असा उतार हवा, म्हणजे तीन मीटरमध्ये ६० मिलिमीटर. निचऱ्याजवळ उताराच्या कोब्याची जाडी किमान २५ मिलिमीटर धरली तर दाराशी ती ८५ होते. त्यावर जलरोधक थर आणि त्याला जपणारा कोब्याचा थर मिळून २०, फरशीखालचा मसाला ३० आणि फरशी १५ मिलिमीटर धरली की बेरीज १५० मिलिमीटरवर जाते. आतल्या खोलीची फरशी मसाल्यासकट ५० मिलिमीटर धरा. दोन्हींचा स्लॅब एकाच पातळीत ओतला असेल, तर बाहेरची गच्ची आतल्या खोलीपेक्षा १०० मिलिमीटर उंच होईल! अशा वेळी गवंडी नाइलाजाने उतार कमी करतो, संरक्षक थर गाळतो किंवा दाराशी थर जेमतेम दोन बोटे वर चढवतो, आणि पुढच्या सगळ्या कटकटींचे बीज तिथेच पेरले जाते. गच्ची खोलीपेक्षा १०० मिलिमीटर खाली राहावी अशी इच्छा असेल, तर तिचा स्लॅब मुळातच २०० मिलिमीटर खाली ओतावा लागतो. हे स्लॅब ओतण्यापूर्वी कोणी बोलले नाही, तर नंतर बोलून उपयोग नाही. घरात चाकाची खुर्ची वापरणारे किंवा पाय उचलायला त्रास होणारे कोणी असेल आणि दाराशी पायरी नको असेल, तर दाराच्या बाहेर लागूनच लांबट जाळीची पन्हळ घेऊन पाणी उंबऱ्याला टेकण्याआधी उचलावे लागते. त्यासाठीही स्लॅबची खोली आधीच ठरवावी लागते.

उताराविषयी एक गैरसमज मी कित्येकांच्या तोंडून ऐकला आहे. फरशीला उतार दिला की काम झाले, असे धरले जाते. परंतु फरशी आणि तिच्या सांध्यांतले सिमेंटचे ग्राउट यांनी पाणी पूर्ण अडत नाही. पावसाचे बहुतांश पाणी वरून वाहून जाते, तरी थोडे सांध्यांतून आणि केसासारख्या भेगांतून खाली उतरतेच. खाली उतरलेले ते पाणी जलरोधक थरावर येऊन थांबते. थर सपाट स्लॅबवर घातलेला असेल आणि उताराचा कोबा त्याच्या वर केलेला असेल, तर त्या पाण्याला जायला वाटच नसते. ते मसाल्यात मुरून राहते आणि एखादे छिद्र सापडण्याची वाट पाहत बसते. आमच्या गच्चीत तीन आठवड्यांच्या उन्हानंतरही मसाला ओला होता, तो याच कारणाने. म्हणून उतार जलरोधक थराच्या खाली असला पाहिजे आणि निचऱ्याच्या जाळीलाही दोन पातळ्यांवर पाणी घेता आले पाहिजे: एक फरशीच्या पातळीवर आणि दुसरी तिच्याखाली, थराच्या पातळीवर, बाजूच्या बारीक छिद्रांतून. निचऱ्याचे तोंड फरशीवाल्याने मसाल्याने लिंपून टाकले तर ही दुसरी वाट बंद होते, आणि ते बाहेरून कधीच कळत नाही.

सांध्यांत नवे ग्राउट भरल्यावर किंवा फरशीवर द्रव्य फासल्यावर काही काळ बरे का वाटते, याचा उलगडाही इथेच होतो. वरून शिरणारे पाणी थोडे कमी होते, पण आत साठलेलेही वर येऊन सुकेनासे होते. मसाल्यातले पाणी संपले की छत कोरडे दिसते, आणि उन्हातान्हाने सांधे पुन्हा किंचित उघडले की पहिले पाढे पंचावन्न.

कडेच्या कामाबद्दल दोन गोष्टी आवर्जून लिहिते. गच्चीचा तळ आणि भिंत जिथे काटकोनात मिळतात, तिथे जलरोधक थर थेट काटकोनात वळवला तर तो त्या रेघेवर ताणला जाऊन फाटतो. म्हणून तिथे आधी मसाल्याने कोपरा भरून त्याला गोलाई द्यावी लागते आणि द्रवरूप थर असेल तर त्यात काचतंतूची जाळी बसवावी लागते. थर भिंतीवर तयार फरशीच्या वर किमान १५० मिलिमीटर चढला पाहिजे आणि त्याचे वरचे टोक भिंतीतल्या खाचेत शिरून बंद झाले पाहिजे, नाहीतर गिलाव्यामागून उतरणारे पाणी त्याच्या पाठीमागे जाते. दुसरी गोष्ट हालचालीची. काँक्रीट स्थिर दिसते, पण तापमान बदलले की ते लांबते आणि आखडते. १० मीटर लांबीचा स्लॅब ४० अंश सेल्सिअसच्या फरकाला सुमारे ४ मिलिमीटर हलतो. दुपारी तापलेल्या गच्चीवर अचानक सर आली की वरचा भाग झपाट्याने आखडू लागतो. ताणच सहन न करणारा कडक सिमेंटचा थर त्यामुळे तडकतो, आणि उघड्यावरच्या फरशीत दर अडीच ते साडेतीन मीटरवर लवचीक सीलंटचा, म्हणजे रबरासारख्या भरावाचा, सांधा सोडला नाही तर फरशी फुगून उचलली जाते.

कठड्याचे खांब हा उंबऱ्याइतकाच घातक प्रकार आहे. वेल्डर येतो, तयार थराला भोके पाडतो, खांब उभे करून तळपट्ट्या बोल्टने आवळतो आणि भोवती थोडा मसाला थापून निघून जातो. लोखंडी खांब उन्हाने तापून, माणसांच्या भाराने हलून त्या मसाल्यापासून सुटतो आणि प्रत्येक खांब म्हणजे एक नळ होऊन बसतो. खांब स्लॅबच्या बाहेरच्या उभ्या कडेला, म्हणजे बाजूने, धरणे हा यावरचा सर्वांत चांगला उपाय आहे. ते शक्य नसेल तर खांब आधी रोवून, त्यांच्याभोवती छोटे उंचवटे बांधून, मग थर त्या उंचवट्यांवर चढवून घ्यावा. पाइपांचे आणि दिव्यांच्या तारांचेही तेच. गच्चीच्या तळातून जे जे वर यायचे आहे ते थर घालण्यापूर्वी वर आलेले असले पाहिजे.

पदार्थांबद्दल मी फार लिहीत नाही, कारण दुकानदार त्याबद्दल पुरेसे बोलतात. गॅसच्या ज्वाळेने तापवून चिकटवायचे बिटुमेनचे पट्टे, दोन घटक मिसळून लावायचे पॉलिमर सिमेंट, द्रवरूप पॉलियुरेथेन, रबराच्या किंवा पीव्हीसीच्या अखंड चादरी, यांतला प्रत्येक प्रकार नीट वापरला तर टिकतो आणि घाई केली तर कोणताच टिकत नाही. तळ ओला असताना वर पाणी न सोडणारा थर घातला की आतली वाफ उन्हाने त्याला फोड आणते. तळ सुकला की नाही ते पाहायची सोपी रीत अशी, की साधारण दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून किमान १६ तास तसाच ठेवायचा. त्याच्या आतल्या बाजूला दहिवर जमले किंवा खालचे काँक्रीट गडद दिसले तर थांबायचे. द्रवरूप थराची जाडीही कोणालाही मोजता येते. एक चौरस मीटरवर एक लिटर द्रव्य पसरले तर ओला थर एक मिलिमीटर होतो आणि त्यात घनपदार्थाचे प्रमाण घनफळाने ६० टक्के असेल तर सुकल्यावर तो ०.६ मिलिमीटर उरतो. किती डबे आले आणि किती रिकामे झाले, एवढे मोजले तरी थर कागदोपत्री आहे की खरोखर आहे हे समजते.

आता मूळ मुद्दा, पाणी भरून पाहण्याचा. ही चाचणी एकदा होते तिथे ती दोनदा व्हावी, ही माझी विनंती आहे. पहिली थर पूर्ण वाळल्यावर, आणि दुसरी दार, कठडा, पाइप आणि दिवे यांची सगळी कामे संपल्यावर, परंतु फरशीचा पहिला मसाला पडण्यापूर्वी. आमच्याकडे दुसरी चाचणी झाली असती तर ते चार स्क्रू दोन दिवसांत सापडले असते.

चाचणीलाही शिस्त हवी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, म्हणजेच एक किलो. २० चौरस मीटरच्या गच्चीत सरासरी ५० मिलिमीटर पाणी भरले तर ते १,००० लिटर होते आणि स्लॅबवर एक टन भार येतो. जुन्या इमारतीत, झुलत्या सज्जावर किंवा लाकडी तुळयांवर उभ्या असलेल्या गच्चीवर संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय हे करू नये. निचऱ्याच्या तोंडाला फुगवण्याचा बूच घट्ट बसवावा आणि तो स्वतःच गळत नाही ना हे आधी पाहावे. पाण्याची पातळी उंबऱ्यावर चढवलेल्या थराच्या टोकापेक्षा खाली ठेवावी. भिंतीवर पेन्सिलने खूण करावी आणि शेजारी पाण्याने भरलेली एक बादली तशीच खूण करून ठेवावी. उन्हाने बादलीतले पाणी जेवढे उतरेल तेवढेच गच्चीतले उतरले तर ते वाफ झाले असे समजावे. गच्चीतले जास्त उतरले तर ते कुठेतरी गेले आहे. हे २४ तासांपेक्षा कमी ठेवण्यात अर्थ नाही आणि ७२ तास ठेवले तर उत्तम, कारण जाड काँक्रीटमधून पाणी खाली यायला वेळ लागतो. पाण्याच्या पातळीच्या वर राहणारे भाग, म्हणजे दाराची चौकट आणि भिंतीवरचे टोक, यांच्यावर नंतर नळीने हळूहळू पाणी सोडून पाहावे, आणि ते तळापासून सुरू करून वर जावे. वरून सुरू केले तर ओघळ सगळीकडे जाऊन नेमकी जागा समजत नाही. दोन्ही वेळा छायाचित्रे काढून तारखेसह जपून ठेवावीत.

मोठ्या नावांनाही हे चुकलेले नाही. पॅरिसजवळच्या पॉइसी येथील व्हिला सॅव्हॉय हे १९३१ साली पूर्ण झालेले घर आधुनिक वास्तुकलेचा नमुना म्हणून जगभर अभ्यासले जाते. राहत्या खोल्यांना जोडून उघडी गच्ची हे त्याचे वैशिष्ट्य. परंतु घरात पाणी गळत असल्याच्या तक्रारींची पत्रे त्याच्या मालकांना वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांना लिहावी लागली होती. वास्तू सुंदर असली म्हणून पाणी तिची गय करत नाही.

लाकडी सांगाड्यावरच्या गच्चीत तर प्रश्न केवळ डागांचा राहत नाही. काँक्रीटमध्ये शिरलेले पाणी सळई गंजवते, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापत असल्याने स्लॅबच्या खालचे काँक्रीट फुटून पडू लागते. पण त्याला वर्षे लागतात आणि आधी खुणा दिसतात. लाकडात अडकलेले पाणी मात्र आतल्या आत बुरशी वाढवून तुळई पोखरते. कॅलिफोर्नियातील बर्कली शहरात १६ जून २०१५ रोजी एका इमारतीची पाचव्या मजल्यावरील गच्ची कोसळून सहा तरुण मृत्युमुखी पडले आणि सात जण जखमी झाले. तिला पेलणारे लाकूड कुजलेले आढळले. ती इमारत जुनी नव्हती, काही वर्षांपूर्वीच बांधलेली होती. त्यानंतर २०१८ मध्ये तिथे कायदा होऊन अनेक कुटुंबे राहत असलेल्या भाड्याच्या इमारतींतील अशा उंचावरच्या लाकडी बांधकामांची दर सहा वर्षांनी तपासणी बंधनकारक झाली. जलरोधक थराला थेट आयुष्याशी जोडणारा याहून स्पष्ट दाखला माझ्या माहितीत नाही.

नव्याने गच्ची करणाऱ्यांना एक पर्याय मी मनापासून सुचवीन. फरशी मसाल्यात गाडण्याऐवजी, उंची कमी-जास्त करता येणाऱ्या आधारखुंट्यांवर दगडी किंवा पोर्सेलिनच्या जाड लाद्या, अथवा लाकडी फळ्यांचे चौकोन, नुसते ठेवून द्यावेत. पाणी फटींतून खाली जाते, उतार दिलेल्या थरावरून निचऱ्याकडे वाहते आणि वरची जमीन मात्र सपाट राहते. थरावर ऊन पडत नाही, त्यामुळे तो जास्त टिकतो. आणि शंका आलीच तर चार लाद्या उचलून थर डोळ्यांनी पाहता येतो, एकही घण न मारता. खुंट्यांच्या तळाशी थराला रुतू न देणारे जाड तुकडे मात्र हवेत, आणि जोराच्या वाऱ्याच्या ठिकाणी लाद्यांचे वजन पुरेसे आहे की नाही हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे. लाकडी फळ्या खाली आडव्या पट्ट्यांना जोडाव्यात. पट्ट्या थराला स्क्रूने कधीही ठोकू नयेत. कुंड्यांऐवजी बांधीव वाफे करायचे असतील, तर मुळे थरात शिरू नयेत म्हणून वेगळा मूळरोधक पडदा घालावा लागतो.

ज्यांच्या घरी गळती सुरू झाली आहे त्यांच्यासाठी थोडे. डाग विजेच्या दिव्याभोवती किंवा पंख्याभोवती असेल तर सर्वप्रथम त्या भागाची वीज बंद करून विद्युत तंत्रज्ञाला बोलवावे. ओल कधी वाढते याची तारीखवार नोंद ठेवावी. पावसानंतर काही तासांत किंवा दिवसांत वाढत असेल तर वाट वरून आहे. पाऊस असो नसो, रोज सारखीच असेल तर जवळच्या नळाच्या किंवा न्हाणीघराच्या पाइपावर संशय घ्यावा. आणि बाहेर कडक थंडी असताना उबदार खोलीच्या छताला पाण्याचे बारीक कण धरत असतील तर ती आतल्या हवेतली वाफ असू शकते, तिला उष्णतारोधक थर आणि हवा खेळती ठेवणे हा उपाय आहे. छताला पांढरे क्षार फुटलेले दिसले तर काँक्रीटमधून पाणी बरेच दिवस वाहत आहे असे समजावे. खालून रंग किंवा लेप लावून पाणी अडवू नये, कारण ते अडत नाही, स्लॅबमध्ये साठते आणि सळयांपर्यंत पोहोचते. आम्ही तसे केले होते, आणि पंख्याभोवतीचे काँक्रीट तोडून तिथली सळई साफ करून घ्यावी लागली.

आपल्या पुरवणीने हा विषय हाती घ्यावा आणि घर घेणाऱ्यांना, घर बांधून घेणाऱ्यांना कोणते प्रश्न कधी विचारायचे ते सांगावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. निदान एवढे तरी सुचवावे, की गच्चीवरच्या सर्व कारागिरांच्या कामाची जबाबदारी एकाच ठेकेदाराकडे लेखी असावी आणि दुसरी पाणीचाचणी झाल्याशिवाय फरशीचे काम सुरू होणार नाही, हे करारात एका ओळीत लिहिलेले असावे.

आमची गच्ची आता नव्याने झाली आहे. दाराचा ट्रॅक या वेळी खालून न ठोकता बाजूच्या चौकटीला धरला आणि तळाशी सीलंटमध्ये बसवला, कठड्याचे खांब बाहेरच्या कडेला नेले आणि लाद्या खुंट्यांवर ठेवल्या. दोन्ही चाचण्या प्रत्येकी ७२ तासांच्या केल्या. दुसऱ्या चाचणीत कठड्याच्या कोपऱ्याजवळ, पाइप भिंतीत जातो तिथे, खालच्या छतावर रुपयाएवढी ओल दिसली. लाद्या अजून यायच्या होत्या, त्यामुळे तो कोपरा अर्ध्या दिवसात दुरुस्त झाला आणि पुन्हा पाणी भरून तपासला. आईचा पलंग, जो चार वर्षे भिंतीला सरकवून ठेवला होता, तो आता परत पंख्याखाली आला आहे.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक